निळ्या पंखांचा पोपट आणि सह्याद्रीतील ढोली

बेंगळुरूच्या आग्नेयेस, होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून नाव मिळालेल्या एचएसआर लेआउटमध्ये पोपट ही नवलाईची गोष्ट नाही. आगरा तलावाच्या परिसरातून, इमारतींच्या गच्च्यांवरून आणि उरल्यासुरल्या जुन्या झाडांवरून त्यांचे थवे कर्कश ओरडत जातात. हा पोपट म्हणजे गळ्याभोवती गुलाबी-काळा कंठ मिरवणारा, देशभर ओळखीचा असलेला मैदानी पोपट. तो शेतात राहतो, बागेत राहतो, किल्ल्याच्या भिंतीतील भोकात राहतो आणि महानगरातही राहतो. लंडन, ॲमस्टरडॅम, ब्रुसेल्स या शहरांतही त्याने वस्ती केली आहे.

त्याच पोपटाचा एक नातलग एचएसआर लेआउटपासून पश्चिमेला अडीचशे किलोमीटरच्या आसपास, कोडगू आणि चिक्कमगळुरूच्या डोंगरांत राहतो. पण या शहरात तो स्वतःहून कधी येत नाही. निळ्या पंखांचा पोपट, किंवा मलबारी पोपट, असे त्याचे नाव. पक्षिग्रंथांत त्याचा अधिवास साधारण ४५० ते १,००० मीटर उंचीच्या पट्ट्यात आणि काही ठिकाणी १,६०० मीटरपर्यंत सांगितलेला असतो. म्हणून त्याला सर्रास ‘डोंगरी पोपट’ म्हटले जाते. यात एक गंमत आहे. एचएसआर लेआउट समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे या पक्ष्याच्या पसंतीच्या उंचीपट्ट्याच्या आतच. उंचीच सर्व काही असती, तर हा पोपट आगरा तलावावर दिसायला हरकत नव्हती.

फरक आहे तो पावसाचा, आणि पावसाने वाढवलेल्या झाडांचा. बेंगळुरूत वर्षाला हजार मिलिमीटरच्या आत पाऊस पडतो. घाटमाथ्यावरील आगुंबे येथे तो सात हजार मिलिमीटरच्या वर जातो आणि सिंधुदुर्गातील आंबोलीही त्याच तोडीची आहे. या पावसावर सदाहरित आणि निमसदाहरित अरण्य उभे राहते. तेथील झाडे तीस-चाळीस मीटर उंच वाढतात, शेकडो वर्षे जगतात, म्हातारी होतात, त्यांच्या फांद्या मोडतात आणि मोडलेल्या जागी खोड कुजून ढोली तयार होते. निळ्या पंखांच्या पोपटाचा इतिहास खऱ्या अर्थाने या ढोलीचा इतिहास आहे. डोंगर हा त्या झाडांचा शेवटचा आसरा ठरला, म्हणून पक्षीही डोंगरी ठरला.

पक्षी अंगाने लहान व सडपातळ असतो. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी ३६ ते ३८ सेंटिमीटर भरते, पण त्यातील निम्म्याहून अधिक भाग शेपटीचाच. डोके, छाती आणि पाठ कबुतरी राखाडी रंगाची, तिच्यात किंचित गुलाबी छटा. पंख गडद, निळ्या पिसांचे. शेपटी निळी आणि टोकाला पिवळी. नराची वरची चोच तांबडी असते आणि गळ्यातील काळ्या कंठाखाली झळाळणाऱ्या निळसर-हिरव्या रंगाची आणखी एक पट्टी असते. मादीची चोच काळी, आणि ती दुसरी पट्टी तिला नसते. त्यामुळे प्रौढ नर-मादी दुरूनही ओळखता येतात. पोपटाच्या पोटऱ्यांना पाठीपेक्षा हिरवी छटा अधिक असते, आणि त्या छटेची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

राखाडी पोपट हा प्रकारच मुळात विचार करायला लावणारा. पोपटांच्या पिसांतील हिरवा रंग हा एकाच रंगद्रव्याचा नसतो. पिसाच्या आतील केराटिनची सूक्ष्म सच्छिद्र रचना निळा प्रकाश परत फेकते आणि तिच्यावर पिवळ्या रंगद्रव्याचा थर असतो; दोन्ही मिळून डोळ्यांना हिरवे दिसते. हे पिवळे-तांबडे रंगद्रव्य पोपट आहारातून घेत नाहीत, शरीरात स्वतः तयार करतात, आणि पक्षिजगतात ते फक्त पोपटांपाशीच सापडते. २०१७ मध्ये बजरीगर पोपटांवरील संशोधनातून असे दिसले की एका जनुकातील एका बदलाने हे पिवळे द्रव्य बनणे थांबते आणि हिरवा पक्षी निळा होतो. निळ्या पंखांच्या पोपटात पिवळेपण सर्वांगातून गेलेले नाही. पंखांवर ते नाही, शेपटीच्या टोकावर मात्र भरपूर आहे. रंगद्रव्य कोठे टाकायचे आणि कोठे आवरायचे, याचा हिशोब या पक्ष्याने अवयवागणिक वेगळा मांडला आहे.

आता त्याच्या नावाचा इतिहास. तो सह्याद्रीत नव्हे, लंडनमध्ये सुरू होतो. निकोलस व्हिगर्स हा आयरिश प्राणिशास्त्रज्ञ. १८२६ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेचा तो पहिला चिटणीस. त्याने १८२५ मध्ये आशियातील लांब शेपटीच्या पोपटांसाठी ‘पॅलिऑर्निस’ ही प्रजाती स्थापली. (मराठी शास्त्रीय परिभाषेत जवळच्या जातींच्या गटाला प्रजाती म्हणतात.) या शब्दाचा अर्थ ‘प्राचीन पक्षी’. प्राचीन ग्रीक व रोमन लोकांना ठाऊक असलेले पोपट ते हेच, असे त्याचे म्हणणे होते. १८३० मध्ये याच प्रजातीत त्याने दक्षिण भारतातील एका राखाडी पोपटाचे वर्णन केले आणि त्याला ‘कोलंबॉइडेस’, म्हणजे कबुतरासारखा, असे विशेषण दिले. पंख कितीही निळे असोत, त्याच्या नजरेत भरला तो अंगाचा कबुतरी रंग.

पुढे जर्मन पक्षितज्ज्ञ ओटो फिन्श याने याच पक्ष्यासाठी ‘पेरिस्टेरोडेस’ हे रूप आणले. अर्थ अगदी तोच. फक्त ‘कोलंबा’ या लॅटिन शब्दाच्या जागी कबुतराचा ग्रीक शब्द आला, आणि लॅटिन-ग्रीक भेसळ दूर झाली. नामकरणाच्या नियमांत भाषाशुद्धीपेक्षा अग्रक्रम मोठा असल्याने व्हिगर्सचे भेसळ नावच टिकले. यावर हळहळण्याचे काही कारण नाही. नाव शुद्ध करून पक्ष्याविषयी तसूभरही ज्ञान वाढले नसते.

त्याच सुमारास लंडनमध्ये अठरा वर्षांचा एक चित्रकार पोपटांचा चित्रसंग्रह काढत होता. एडवर्ड लिअर हे त्याचे नाव. पुढे तो विनोदी निरर्थक कवितांसाठी जगप्रसिद्ध झाला. १८३० ते १८३२ या काळात वर्गणीदारांसाठी निघालेल्या त्याच्या संग्रहात ४२ चित्रे आहेत, आणि त्यांत हा ‘कबुतरी पोपट’ही आहे. प्राणिसंग्रहालयात बसून शक्यतो जिवंत पक्षी समोर ठेवून तो चित्रे काढी. त्या काळी पेंढा भरलेल्या नमुन्यांवरून चित्रे काढण्याची सर्वसाधारण रीत असल्याने हे वेगळेपण मोठे होते. त्याच लिअरने १८७३ ते १८७५ या काळात निसर्गचित्रकार म्हणून भारताचा प्रवास केला आणि तो निलगिरीतही जाऊन आला.

लंडनच्या वर्णनात पक्ष्याचे रंग होते, जीवन नव्हते. ते भरून काढण्याचे काम मद्रास इलाख्यातील लष्करी शल्यवैद्य थॉमस जर्डन याने सुरू केले. १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांवरील त्याच्या ग्रंथात हा पोपट मलबारच्या अरण्यांशी जोडला गेला. त्यानंतर ब्रिटिश भारताच्या प्राणिजीवनावरील मालिकेत, ब्लॅनफर्डने लिहिलेल्या १८९५ च्या खंडात, त्याला रीतसर जागा मिळाली. पण या साऱ्या काळात पक्षी ‘मिळवणे’ म्हणजे तो मारून कातडे जपणे. कातडे संग्रहालयात जाते, ढोली जात नाही. त्यामुळे संग्रहालयांच्या खणांत या पक्ष्याचे नमुने साचत गेले तरी त्याला जगण्यासाठी नेमके काय लागते, हा प्रश्न बराच काळ कडेलाच राहिला.

त्या प्रश्नाकडे नीट वळणारा माणूस म्हणजे सालिम अली. त्रावणकोर आणि कोचीन संस्थानांच्या आश्रयाने १९३३ मध्ये त्यांनी तेथील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. त्याचा वृत्तान्त बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाला. १९३९-४० मध्ये म्हैसूर संस्थानाचे असेच सर्वेक्षण झाले. पक्षी कोणत्या झाडावर बसतो, काय खातो, घरटे किती उंचीवर असते, या नोंदी अलींनी वर्गीकरणाइतक्याच महत्त्वाच्या मानल्या. त्यांच्या आणि समकालीनांच्या नोंदींतून उभे राहिलेले चित्र असे: थवे लहान, उडणे वेगवान, जंगलातील मोकळ्या जागांतून, ओरडणे मैदानी पोपटापेक्षा वेगळे. खाणे म्हणजे उंबर-वडाच्या कुळातील फळे, इतर रानफळे, बिया, पांगाऱ्याची फुले आणि त्यांतील मध. वीण जानेवारी ते मार्च. घरटे उंच वृक्षाच्या ढोलीत, आणि त्यांत नागचाफ्याचे झाड विशेष पसंतीचे. मादी सुमारे २३ दिवस अंडी उबवते आणि त्या काळात नर तिला भरवतो.

नागचाफ्याचे लाकूड इतके कठीण की कुऱ्हाडही बोथट व्हावी. पोपटाची चोच फळाची आठळी फोडू शकते, पण जिवंत खोडात घर कोरणे तिचे काम नव्हे. म्हणून हा पक्षी दुसऱ्यांच्या श्रमावर अवलंबून असतो. सुतार आणि कुटुरगा हे पक्षी कुजक्या लाकडात भोक पाडतात, एक हंगाम वापरतात आणि सोडून देतात. मग पोपट तेथे शिरतो, चोचीने तोंड थोडे रुंद करतो. म्हणजे एका पिल्लाच्या जन्मापूर्वी एक झाड म्हातारे व्हावे लागते, त्यात बुरशीने काम करावे लागते आणि दुसऱ्या पक्ष्याने खोड कोरावे लागते. या साखळीत घाई करता येत नाही. शिवाय धनेश, मैना, घुबडे, शेकरू आणि मधमाश्या याच ढोल्यांच्या शोधात असतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नेमक्या याच झाडांवर संकट आले. १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले. रेल्वेच्या रुळांखालील लाकडी पट्ट्या, जहाजे, इमारती यांसाठी सह्याद्रीतील लाकूड नियोजनपूर्वक तोडले जाऊ लागले. कोचीन संस्थानाने परंबिकुलमच्या अरण्यातून लाकूड उतरवण्यासाठी डोंगरात ट्रामवे बांधली. ती १९६३ पर्यंत चालली. अलींच्या १९३३ च्या सर्वेक्षणातील एक मुक्काम, कुरियारकुट्टी, याच मार्गावर होता. पक्ष्यांची नोंद आणि लाकडाची वाहतूक एकाच रुळावरून चालली होती, असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक ठरणार नाही. वनशास्त्राच्या तत्कालीन दृष्टीने सरळ, निरोगी, मापाचे झाड उत्तम. पोकळ, वाकडे, कुजके झाड निरुपयोगी, जागा अडवणारे. जंगल ‘सुधारायचे’ म्हणजे अशी झाडे काढायची. पोपटाच्या दृष्टीने मात्र तीच झाडे घरे होती.

डोंगरउतारांवरील दुसरे मोठे स्थित्यंतर कॉफीचे. बाबा बुडन यांनी अरबस्तानातून कॉफीचे बी चिक्कमगळुरूच्या डोंगरात आणले, ही आख्यायिका सतराव्या शतकातील. मोठ्या मळ्यांची लागवड एकोणिसाव्या शतकात फोफावली. पण भारतीय कॉफी मुख्यतः सावलीत वाढते. मळेवाल्याने खालची झाडी साफ केली तरी वरचे उंबर, वड, फणस, जांभूळ, शिसव असे वृक्ष पुष्कळदा राखले, आणि मधल्या थरात पांगारा लावला, ज्यावर मिरीचा वेलही चढतो. अशा मळ्यात निळ्या पंखांच्या पोपटाला फळे मिळतात, पांगाऱ्याचा मध मिळतो आणि जुन्या वृक्षांत ढोलीही मिळते. जंगल मोडून झालेली शेती एखाद्या अरण्यपक्ष्याला इतकी मानवावी, हे विरळ. कर्नाटकातील १८७ मळ्यांची पाहणी करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉफी, सुपारी आणि रबर या तिन्ही लागवडींत मिळून पक्ष्यांच्या २०४ जाती नोंदल्या गेल्या, आणि त्यांत कॉफीचे मळे सर्वांत समृद्ध आढळले.

हा तोल आता बिघडतो आहे तो ‘सिल्व्हर ओक’ या ऑस्ट्रेलियन झाडामुळे. ते लवकर वाढते, सरळसोट वाढते, मिरीला आधार देते आणि त्याचे लाकूड विकता येते. देशी वृक्ष तोडण्यासाठी परवानग्यांची दगदग, काही जमिनींत तर मौल्यवान देशी वृक्षांवर मालकी सरकारचीच. उलट सिल्व्हर ओक मळेवाल्याला मोकळेपणाने तोडता येतो. मग जुना उंबर पडला की त्याच्या जागी नवा उंबर कोण लावील? वृक्षरक्षणासाठी केलेल्या नियमांनी वृक्ष लावण्याची इच्छाच मारली, हे कोडगूतील जाणकारांचे गाऱ्हाणे निराधार नाही. सिल्व्हर ओक ढोली पडण्याइतका म्हातारा होईपर्यंत कोणी ठेवत नाही. दुरून मळा हिरवागार दिसतो; उपग्रहाच्या चित्रातही सावलीचे छत अखंड दिसते; त्यात राहण्याजोगी जागा मात्र कमी झालेली असते.

महाराष्ट्र आणि गोव्यातील चित्र याहून थोडे वेगळे. या पक्ष्याची उत्तरेकडील सीमा जुन्या ग्रंथांत साधारण १९ अंश अक्षांशापर्यंत दाखवलेली आहे; पण दांडेली, कॅसलरॉक, मोले या पट्ट्यातून वर आंबोलीकडे येताना सदाहरित जंगल अरुंद व तुटक होत जाते आणि पोपटही विरळ होत जातो. येथे कॉफीची सावली नाही. सिंधुदुर्गातील खासगी जंगलांच्या जागी काजू आणि, दोडामार्गाकडे, रबर आले. रबराच्या मळ्यात ना उंबर, ना पांगारा. जुने वृक्ष उरले ते संरक्षित अरण्यांत आणि देवरायांत. जीर्ण झाड देवाचे म्हणून कोणी तोडत नाही, या एका श्रद्धेने कोकणात कितीतरी ढोल्या वाचवल्या. देवराईचा जीर्णोद्धार म्हणून काँक्रीटचे सभामंडप उभे राहतात, तेव्हा त्यातल्या काही जातातही.

जंगल फुटले की आणखी एक गोष्ट घडते. मोकळ्या जागा आवडणारा मैदानी पोपट आणि मैना आत शिरतात. ढोल्या तेवढ्याच आणि मागणारे वाढलेले, असा तो पेच. एचएसआर लेआउटमध्ये जो गुण कौतुकाचा वाटतो, कोठेही निभावून नेण्याचा, तोच गुण घाटात शेजाऱ्याला जड जाऊ शकतो.

या पोपटाचा सर्वांत जवळचा नातलग भारतात नाही, श्रीलंकेत आहे. एडवर्ड ब्लाइथने १८४९ मध्ये त्याचे वर्णन केले आणि एडगर लेयर्ड या निसर्ग-अभ्यासकाच्या पत्नीच्या माहेरच्या आडनावावरून त्याला ‘कॅल्थ्रॉपी’ हे नाव दिले. तोही राखाडी-हिरवा, तोही ओल्या डोंगरी जंगलांचा, तोही त्या बेटाबाहेर कोठेच न सापडणारा. हिमयुगांत समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली गेली, तेव्हा उथळ पाल्क सामुद्रधुनीच्या जागी जमीन होती. आर्द्र काळात पसरलेली आणि शुष्क काळात डोंगरांत आक्रसलेली जंगले अशा जोड्यांचा उलगडा करतात. २०१९ मधील एका जनुकीय अभ्यासाने जुनी ‘सिटाक्युला’ ही मोठी प्रजाती फोडावी असे सुचवले आणि या दोघा राखाडी भावांना ‘निकोप्सिट्टा’ या वेगळ्या प्रजातीत ठेवले. आगरा तलावावरील पोपट आणि घाटातील पोपट दिसायला सारख्याच घडणीचे असले, तरी वंशवृक्षावर त्यांच्या फांद्या खूप आधी वेगळ्या झाल्या, असा याचा अर्थ.

आंतरराष्ट्रीय सूचीत या पक्ष्याची नोंद ‘किमान चिंता’ या वर्गात आहे. ही नोंद चुकीची नाही, पण ती वाचण्याची रीत समजून घेतली पाहिजे. २०२३ च्या भारतीय पक्षिस्थिती अहवालासाठी सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी वापरल्या गेल्या. आगरा तलावाकाठी एखाद्या विद्यार्थ्याने केलेली पोपटांची यादीही अशाच साठ्यात जाते. अहवालाचा एक ढोबळ निष्कर्ष असा की कोठेही राहू शकणारे पक्षी टिकून आहेत आणि एकाच प्रकारच्या अधिवासाला चिकटलेले पक्षी घटत आहेत. पोपटांबाबत यात एक अडचण भर घालते. ते दीर्घायुषी असतात. ढोलीची झाडे गेली तरी प्रौढ पक्षी त्याच दरीत वर्षानुवर्षे उडत राहतात, उंबर पिकला की तेथे जमतात, आणि यादीत त्यांचा आकडा पूर्वीसारखाच येतो. घट दिसू लागते ती त्यांची पिढी संपताना.

पिंजऱ्यांचा व्यापार हा यातील आणखी एक भाग. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा; १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या देशांतर्गत व्यापारावर बंदी आहे, आणि १९८१ पासून हा पोपट वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तरीही देशी पोपट शहरांतून चोरून विकले जातात आणि ‘पोपट पाळायला काय हरकत’ असा समज सुशिक्षित घरांतही आढळतो. पिल्लू पकडणारा माणूस बहुधा झाडावर चढून ढोलीचे तोंड फोडतो किंवा झाडच आडवे करतो. तेथे पुढच्या जानेवारीत कोणी अंडी घालू शकत नाही.

म्हणूनच थव्यातील डोकी मोजण्याबरोबर त्यातील पिल्ले मोजणे महत्त्वाचे. या पोपटाची पिल्ले प्रौढांसारखी राखाडी नसतात, ती मळकट हिरवी दिसतात, त्यामुळे चांगल्या दुर्बिणीतून ती वेगळी काढता येतात. मार्चनंतरच्या थव्यात हिरवी डोकी किती, याची वर्षवार नोंद एखाद्या मळ्यातून किंवा देवराईतून होऊ लागली, तर ढोल्या पुरेशा आहेत की नाहीत हे झाडावर न चढता कळेल. लाकूडतोडीचा हंगाम आणि विणीचा हंगाम दोन्ही कोरड्या महिन्यांतच येतात, कारण पावसाळ्यात घाटातून लाकडाचे ट्रक चालत नाहीत. त्यामुळे ही नोंद फेब्रुवारीत, तोडीसाठी खुणा केलेल्या झाडांची भोके तपासण्यापासून सुरू करावी लागते.